फुटक्या रांजणावरचं नाव

पुण्याहून एक कागद आला. मातीकाम करणाऱ्या आजकालच्या कलाकारांना कुठं कुठं संधी आहे, त्यांना प्रेरणा कुठून मिळते, यावर एक पुस्तक काढून राह्यलेत म्हणे. त्यात माझी दोन पानं पाहिजेत. सवाल एकच होता, पण त्याखाली रेघ ओढलेली: "आपण स्वतः घडवलेला रांजण कॅमेऱ्यासमोर फोडलात. या कृतीमागची आपली प्रेरणा काय होती?"

सूनबाईनं वाचून दाखवलं आणि मी हातातला कप असा आपटला की त्याचा कान तुटून आला.

"मामा, राग माझ्या कपबशीवर काढू नका," ती म्हणाली. "लिहा की त्यांना. लिहिता येतं ना?"

येतं. मी दुसरी पास आहे. तिसरीत बसल्तो, पण पावसाळ्याच्या आत भांडी भाजायचे आवे उरकायचे असायचे, बापानं बाकावरून उठवलं आणि मातीत उभं केलं. अक्षर माझं मोठं आणि वाकडं आहे. पण माझ्या तोंडात दुसऱ्यानं शब्द कोंबलेला मला बिलकुल खपत न्हाई. मी रांजण फोडला तो रागानं फोडला. का फोडला ते आता सरळ सांगतो. जिथं माझी चुकी आहे तिथं माझी म्हणतो. बाकीची ज्याची त्यानं उचलावी.

आमचं गाव कुंभार पिंपळगावापासून पायी तासाभराच्या अंतरावर. बाहेरच्या माणसाला वाटतं, नावातच कुंभार आहे म्हणजे तिथं घरोघर चाक फिरत असंल. बाजारच्या दिवशी येऊन बघा. प्लास्टिकच्या टाक्या, पाण्याचे जार, आणि ट्रकनं कुठून कुठून आलेले नळाचे माठ. छातीइतका उंच, बारा घागरी पाणी पोटात घेणारा रांजण हातानं उभा करणारा या पट्ट्यात मी एकटा उरलो. हे मी फुशारकीनं सांगत न्हाई. बरं, फुशारकीनंच सांगतो.

चाकावर रांजणाचं फक्त तोंड आणि गळा उतरतो. पोट हातानं वाढवावं लागतं. मातीची जाड वळी लावायची, उन्हात जराशी घट्ट होऊ द्यायची, मंग आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडाची थापी मारायची. परत वळी, परत ऊन, परत थापी. जल्दी केली की बसकण मारतो, उशीर केला की तडकतो. माठ चाकावर फिरतो, कुंभार बसून राहतो. रांजणाचं उलटं आहे. रांजण जागेवर उभा असतो आणि कुंभार त्याच्याभोवती फिरतो. एका रांजणापायी मी किती चाललो असंन ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

तर आधी ती पोरगी आली. पुण्याच्या कॉलेजात मातीकाम शिकलेली. तिला कुठली तरी शिष्यवृत्ती मिळाल्ती: चार महिने खेड्यात राहायचं, कुंभाराजवळ बसायचं, प्रेरणा घ्यायची आणि मंग शहरात जाऊन स्वतःचं काही करायचं. शहागडला बसमधून उतरली, पुढं काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून आमच्या फाट्यावर आली. पाठीला बोचकं आणि हातात एक जड पिशवी.

"हे काय आणलं, पोरी?"

"माती आहे आजोबा. माझी नेहमीची."

"पिशवीत? माती हाय का दूध? नासंल की."

सूनबाई पदर तोंडाला लावून हसली. पोरगी पण हसली. मला वाटल्तं रडंल. तिथंच तिच्याबद्दल माझं मत जरा बदललं, पण मी ते दाखवलं न्हाई.

आठ दिवस मी तिला चाक शिवू दिलं न्हाई. तळ्यातला गाळ आणायला लावला, वाळवून कुटायला लावला, गाढवाची लीद चाळायला लावली. आमच्या मातीत लीद लागतेच. ती जळून जाते आणि भांड्याच्या अंगात बारीक वाटा सोडते, म्हणून पाणी थंड होतं. मंग पायानं तुडवायला लावली. तिच्या टाचा उलल्या. रोज सकाळी खोबरेल लावायची आणि परत मातीत उभी राहायची.

"मामा, कौतुकानं बघून राह्यले तिच्याकडं," सूनबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "मला लग्नाच्या पाचव्या दिवशी लीद चाळायला बसवलंत. मला कुणी शिष्यवृत्ती दिली न्हाई."

मी म्हणलं, "तुला नवरा दिला की."

"तो तर जालन्याला सळईच्या कारखान्यात हाय. लीद हितंच राह्यली."

तिच्या तोंडाला लागणं सोपं न्हाई. मी चिलीम शोधायच्या निमित्तानं उठलो.

पोरगीचा हात चांगला होता, हे मी लिहून देतो. तिनं पुण्याहून आपले कप दाखवायला आणल्ते. वर काचेसारखा लेप, पावसाळ्यातल्या डोंगराचा रंग. पाणी ओतून बघितलं. थेंब बाहेर आला न्हाई. पण एकही कप सरळ न्हाई.

"हा असा का?"

"मुद्दाम केलाय आजोबा. हाताची खूण राहावी म्हणून."

"मुद्दाम वाकडा?" मी म्हणलं. "आमच्यात सरळ करायला जन्म जातो."

मंग तिनं मला शहरातल्या संधी सांगितल्या. मोठमोठ्या हॉटेलांना हातानं केलेल्या ताटल्या लागतात. लोक घरात नुसतं ठेवायला भांडी घेतात. परदेशात महिना महिना बोलावतात, राहायला देतात, भट्टी देतात, आणि म्हणतात, तुम्हाला पाहिजे ते करा.

"म्हणजे कुणाला पाहिजे ते?"

"आपल्याला पाहिजे ते."

मला ते समजलं न्हाई, खोटं कशाला बोलू. मी उभ्या जन्मात मला पाहिजे म्हणून एक पणती केली न्हाई. संक्रांतीला सुगडी गावाला पाहिजेत. नवरात्राला घट पाहिजे. लग्नाला ऐरणीची मडकी पाहिजेत. माणूस गेला की खांद्यावरचं मडकं पाहिजे, ते मागायला आलेल्या माणसाला तर बस म्हणायचं नसतं, दाम विचारायचा नसतो, हातात द्यायचं आणि पाठ फिरवायची. सगळं दुसऱ्याच्या गरजेचं. तरी मला वाटलं, असंल बाबा. जग बदललं असंल. पोरगी खोटं बोलणारी नव्हती.

तिसऱ्या महिन्यात तिच्या ओळखीचे एक साहेब आले. हेच आता पुस्तक काढून राह्यलेत. शहरात मोठं प्रदर्शन भरवणार होते, मातीच्या कामाचं. दाढी राखलेली, गळ्यात मफलर, तोही ऐन उन्हात. अंगणात माझ्या बापाच्या हातचा एक रांजण अर्धा जमिनीत पुरलेला आहे, त्याच्याभोवती ते तीन चकरा मारून आले.

"बाबा, असा नवीन करता येईल?"

"येईल म्हणजे? करतोच मी."

"मग आमच्यासाठी एक करा. दालनात शिरल्या शिरल्या समोर ठेवू. खाली तुमचं नाव, मोठ्या अक्षरात."

नाव म्हणल्याबरोबर मी पाघळलो. हे मी लपवणार न्हाई. सत्तरी कधीच उलटली माझी. गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, किती गावांनी माझ्या भांड्यातलं पाणी पिलं, पण एकाच्या तोंडी माझं नाव न्हाई. "कुंभाराकडून आण" म्हणतात. शेतकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर असतं, मास्तरचं फळ्यावर असतं, मेंढरामागं फिरणाऱ्यालासुद्धा चार गावं नावानं हाक मारतात. माझ्या भांड्यावर काहीच नसतं. मला एकदा, मरायच्या आत, माझ्या चांगल्या रांजणाखाली माझं नाव पाहिजे होतं. बस. दुसरं काही मागितलं न्हाई. येण्याजाण्याचा खर्चा पण मी मागितला न्हाई.

रांजण सुरू केला. तो कसा झाला ते मी सांगून काय उपयोग, बघणाऱ्यांनी सांगावं. पोट असं गोल भरत आलं की शेजारचा मेंढरंवाला रोज जाता येता काठी टेकून उभा राहायचा आणि म्हणायचा, "म्हाताऱ्या, आता याला बाळंत होऊ देतो का अजून वाढवतो?"

पोरगी म्हणाली, "आजोबा, कलाकार तळाला सही करतात."

"तळाला? तळ कोण बघतो?"

मी गळ्याखाली, बरोबर समोर, बाभळीच्या काट्यानं नाव लिहिलं. आधी दोन दिवस जमिनीवर गिरवलं. लिहायला लागलो तर हात थांबेना. नाव, बापाचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. सूनबाई म्हणाली, "पिनकोड राह्यला, मामा." म्हणू दे.

आता चुकीची गोष्ट.

आमचा आवा म्हणजे उघड्यावरची भट्टी. खाली गोवऱ्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, मधे भांडी, वरून उसाचं पाचट, त्यावर जुनी खापरं, त्यावर राख आणि ओली माती. पेटवणं कुणालाही येतं. उघडणं येत न्हाई. लहान भांड्यांचा आवा दुसऱ्या दिवशी उघडला तरी चालतं. रांजणाचा आवा विझल्यावर तीन दिवस हात लावायचा न्हाई. बाहेरून राख गार लागते, पण जाड पोटात ऊब धरून बसलेली असते. वारा लागला की संपलं. आमच्या घरात याची एक पारख आहे. घरची कोंबडी आव्याच्या राखेत अंग घुसळायला बसली की समजायचं, बराबर झालं. तिच्या पायाला जे कळतं ते आपल्या हाताला कळत न्हाई. माझ्या आजाचा नियम, बापानं पाळला, मी पाळला.

साहेबांना पोरगीनं सांगितल्तं, चौथ्या दिवशी या. ते दुसऱ्याच दिवशी सकाळी आले. सोबत टेम्पो, दोन कॅमेरेवाले, छत्रीसारखे दिवे. ते बघून गाव गोळा झालं. पोरं भिंतीवर, बाया ओट्यावर. आमच्या अंगणात इतकी माणसं माझ्या पोराच्या लग्नातसुद्धा नव्हती.

"बाबा, उघडू या ना," साहेब म्हणाले.

"दोन दिवस थांबा."

"कॅमेरेवाले आजच आहेत. उद्या त्यांना दुसरीकडे जायचंय. आणि रांजण परवा दालनात पोचला पाहिजे."

पोरगी मधे पडली. "सर, मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं."

"अगं, हात लावून बघ, गारच आहे की."

मागून एकजण ओरडला, "म्हातारा भ्यायला वाटतं! आत काही हाय का नुसती राख?" सगळे हसले.

मी राखेत हात घातला. गार होती. सूनबाई जवळ आली, हळूच म्हणाली, "मामा, कोंबडी अजून तिकडं फिरकली न्हाई."

आणि मी काय म्हणलं? सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "आता कोंबडीला विचारून आवा उघडू का?"

परत हसले सगळे. या खेपेला माझ्या बाजूनं हसले, आणि मला बरं वाटलं. ही माझी चुकी. दुसऱ्या कुणाची न्हाई. चार शहरी माणसं आणि दोन कॅमेरे बघून मी तीन पिढ्यांचा नियम मोडला.

माती काढली, खापरं उचलली. रांजण दिसला. लालबुंद, एका अंगाला धुराची काळी छटा, नाव सगळं ठळक. लोक "वा" म्हणले. दुपारचा वारा आला आणि आतून "टक्क" वाजलं. हळू वाजलं, पण मी ते पन्नास पावलांवरून ओळखलं असतं. सूनबाईनं पण ओळखलं. तिनं डोळे मिटले.

गळ्यापासून पोटापर्यंत भेग. केसाएवढी बारीक. नावापासून चार बोटं लांब. मी बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. चांगलं भांडं खणखणतं. फुटक्याचा आवाज पडसं झालेल्या माणसासारखा बसतो. बसला होता.

मी म्हणलं, "गेला."

साहेब वाकून भेग बघत होते. त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं त्यांना समजलंच न्हाई.

"बाबा, हे तर अप्रतिम झालं! ही भेग आणि शेजारी तुमचं नाव. याला काही करू नका. असाच न्यायचा."

"साहेब, फुटलाय तो."

"म्हणून तर! या भेगेमुळे रांजण बोलतोय."

"बोलत न्हाई साहेब. गळतोय."

"पण यात कुणी पाणी भरणारच नाही."

"मंग काय भरणार?"

"काही नाही. लोक बघतील."

"रिकामा फुटका रांजण बघायला लोक येतील, आणि खाली माझं नाव?"

"आजकाल अशीच कला चालते बाबा. परिपूर्ण काही नको असतं लोकांना. तुम्हाला कळत नाही, केवढी मोठी संधी आहे ही."

मला कळत न्हाई. माझ्या अंगणात, माझ्या रांजणापुढं उभं राहून मला सांगितलं की मला कळत न्हाई. मी त्यांना समजावून सांगितलं, अजून शांतपणानं सांगितलं, की आमच्यात भेग पडलेलं भांडं दारातून बाहेर जात न्हाई. दाणे भरायलासुद्धा देत न्हाई आम्ही. फोडायचं आणि खापरं पुढच्या आव्यावर अंथरायची. कारण ते बाहेर गेलं की घेणारा कधी ना कधी त्यात पाणी भरतो आणि कुंभाराला शिव्या देतो. मी म्हणलं, दुसरा करून देतो. दीड महिना द्या.

"दीड महिना? परवा उद्घाटन आहे!" मंग ते पोरगीकडं वळले आणि म्हणाले, मी तिथंच उभा असताना, जसं काही मी अंगणातला खुंटा हाय, "त्यांना नावाचाच प्रश्न असेल तर नाव झाकू. 'मराठवाड्यातील पारंपरिक कुंभारकाम' एवढंच लिहू."

पोरगी म्हणाली, "सर, रांजण त्यांचा आहे."

"अगं, मी त्यांच्याच भल्याचं बघतोय."

तेवढ्यात सूनबाईनं बादली आणली. कुणी तिला सांगितलं न्हाई. रांजणाजवळ आली आणि सगळी बादली आत ओतली. निवायला आलेलं पोट, त्यात थंड पाणी, भेग सरसर खाली उतरली आणि पाणी धारेनं साहेबांच्या बुटांवर.

"घ्या," ती म्हणाली, "आता झाका नाव."

गाव हसलं. त्यातले निम्मे साहेबांना हसले असतील, निम्मे मला. ज्याच्या घरून त्यांच्या आज्यांनी रांजण नेले, त्याचा रांजण गळला. भिंतीवरच्या पोरांनी माझं नाव मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, पत्त्यासकट. तेवढं माझ्यानं सोसलं न्हाई. आव्याजवळ दगडी गोळा पडला होता. उचलला, आणि पहिला घाव नावावर घातला. दुसरा पोटावर. तिसऱ्याची गरज पडली न्हाई.

पोरगी रडत होती. मी हात धुतले आणि घरात गेलो. मला वाटलं, झाली तेवढी फजिती झाली, संपलं.

संपलं कुठं? कॅमेरे चालूच होते.

वीस-पंचवीस दिवसांनी पोरगी परत आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "आजोबा, तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच दाखवते." तिच्या फोनमध्ये प्रदर्शनाचं दालन होतं. एका अख्ख्या भिंतीवर मी, दगड उचलताना, मारताना, परत मारताना. आवाज काढून टाकलेला आणि वर कसलीशी बासरी. सूनबाईची बादली कापलेली. साहेबांचे बूट कापलेले. लोक हसले ते कापलेलं. उरलो मी आणि दगड. खाली पाटी: 'मुक्ती'. आणि त्याखाली माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, तालुका, जिल्हा. एक वेलांटी चुकली नव्हती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

कसली मुक्ती? कुणाची?

पोरगी म्हणाली, "मी खूप भांडले. त्यांनी ऐकलं नाही. प्रदर्शनात मांडलेले माझे कप मी तिथून काढून आणले." तिनं बोचकं उघडून दाखवलं. ते वाकडे कप कागदात गुंडाळलेले. ती संधी तिला परत मिळणार न्हाई, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, सूनबाईनं नंतर सांगितलं. मी तिला त्या दिवशी धड बोललो न्हाई. पाणी पी, एवढं म्हणलं.

सत्तर वर्षांनी माझं नाव भिंतीवर लागलं, ते फोडलेल्या रांजणाखाली. जे मी केलं त्याखाली न्हाई. जे मोडलं त्याखाली.

मंग साहेबांचा फोन आला. आवाजात एवढी साखर की मुंग्या याव्यात.

"बाबा, तुम्ही तर गाजलात! एक महोत्सव आहे, पाच दिवसांचा. तुम्ही यायचं, आणि रोज संध्याकाळी लोकांसमोर एक रांजण फोडायचा."

"पाच रांजण? पाच रांजण उभे करायला सहा महिने लागतात."

"भाजलेले नसले तरी चालतील. कच्चेच करा. फुटायचेच तर आहेत."

मंग विचारलं, "साहेब, तुमची आई हाय का?"

"हो, आहे ना."

"ती रोज संध्याकाळी पाच भाकरी करून नालीत फेकते का? लोकांना दाखवायला?"

तिकडून आवाज आला, "वा, बाबा, काय बोललात! हे पुन्हा एकदा म्हणता? रेकॉर्ड करतो."

मी फोन सूनबाईच्या हातात दिला. तिनं त्यांना काय सुनावलं ते या पुस्तकात छापता येणार न्हाई.

त्यानंतर हा कागद. रेघ मारलेला सवाल. प्रेरणा. तर आता बराबर ऐका. मला रांजण फोडायची प्रेरणा झाली न्हाई. मला लाज वाटली म्हणून मी फोडला, माझ्या चुकीची आणि माझ्या हसू झाल्याची. घरात माणूस रागानं ताट भिरकावतो, त्याला तुम्ही जेवण म्हणता का? तुमच्याकडच्या कलाकारांनी वाकडं करावं, तडकलेलं करावं, पाणी धरू नये असं करावं, मला त्यांच्याशी भांडण न्हाई. ती पोरगी तसं करते आणि जाणून करते, आणि तिच्या कपात पाणी राहतं. पण माझी फजिती उचलून तिला माझं काम म्हणायचं, ही कुठली रीत? उद्या एखाद्या गवंड्याची भिंत कोसळली तर खाली त्याचं नाव लावून बासरी वाजवाल काय?

दुसरा रांजण मी केला. कुणी मागितला नव्हता. गुडघा साथ देईना, म्हणून खालच्या निम्म्या पोटाला आतून गोळा सूनबाईनं धरला आणि बाहेरून थापी मी मारली. वळ्या पोरगीनं लावल्या, ती परत आल्यापासून हितंच राह्यली होती. दोन ठिकाणी जाड लावल्या, त्या मी काढायला लावल्या, तिनं तोंड वाकडं केलं पण काढल्या. आवा विझल्यावर मी खाट टाकून अंगणात बसलो. तीन दिवस. मेंढरंवाला येऊन म्हणाला, "आता उघड की म्हाताऱ्या, का यालाच मूठमाती दिली?" मी खाट आव्याच्या आणखी जवळ ओढली. चौथ्या दिवशी उघडला. पेरानं वाजवला. खणखणला तसा सूनबाईनं चुलीपुढूनच "हां" म्हणलं.

आता तो दारात उभा हाय. पाणी भरून दोन महिने झाले. चांगला रांजण पाझरतो, ते मला सांगू नका, अंगाला घाम यावा तसा बाहेरून ओला असतो, म्हणून तर गार करतो. पण खाली ओल न्हाई. फाट्यावरून येणारा जाणारा हितं थांबून पाणी पिऊन जातो. गळ्याखाली माझं नाव हाय, पत्त्यासकट, आणि या खेपेला पिनकोडसुद्धा.

तुम्हाला पुस्तकात माझं नाव छापायचं असंल तर त्या 'मुक्ती'खालून आधी काढा आणि याच्याखाली लावा. दोन्हीकडं लावता येणार न्हाई, मी लावू देणार न्हाई. काढायचं नसंल तर ही पानं छापू नका, चूल पेटवायला वापरा. आणि खरंच बघायचं असंल तर हितं या. पाणी भरलेलं आहे, तांब्या वर पालथा ठेवलाय. प्या, आणि मंग विचारा काय विचारायचं ते. कॅमेरा मात्र फाट्यावरच ठेवून या.